हातांनी बोलायला शिकताना

चाकणच्या ज्या कंपनीत मी कामाला आहे, तिथे गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनतात. गाडीच्या दारापासून दिव्यापर्यंत ज्या वायरी खेळवलेल्या असतात, त्या आम्ही बायका हाताने ओवतो, टेप गुंडाळून बांधतो आणि खोक्यात भरतो. लग्नानंतर वर्षभरातच मी इथे लागले. वायर ओवण्यापासून सुरुवात केली, आता एका लाइनची लीडर आहे. हाताखाली चौदा जणी. घर दापोडीला, रेल्वे रुळाच्या मागच्या गल्लीत. सकाळी सव्वासहाला कंपनीची बस येते आणि भोसरी, मोशी करत रखडत चाकणला पोहोचते.

काही वर्षांपूर्वी कंपनीने एकदम सहा मुली कामाला घेतल्या. सहाही जणींना ऐकू येत नव्हतं. पहिले दोन दिवस त्यांच्याबरोबर खुणांची भाषा जाणणाऱ्या एक बाई आल्या होत्या. साहेब बोलले की त्या भराभर हात हलवायच्या, मुली मान डोलवायच्या. आम्हाला गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी त्या बाई आल्या नाहीत. सहा मुली सहा लाइनींवर वाटून दिल्या, त्यातली एक माझ्या वाट्याला आली.

बावीस-तेवीस वर्षांची असेल. मूळची परभणीकडची, चाकणला मैत्रिणींबरोबर खोली करून राहत होती. हात असे चालायचे की बघत राहावं. इतरांना जे काम बसायला महिना लागतो, ते तिने आठवड्यात उचललं. माझी काही तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर तिच्याशी बोलायची गरजच मला वाटत नव्हती. अंगठा वर म्हणजे ठीक, अंगठा खाली म्हणजे पुन्हा कर, घड्याळाकडे बोट म्हणजे जेवणाची सुट्टी. ती कधी काही सांगायला आली आणि मी गडबडीत असले, की मी तळहात पुढे करायचे. म्हणजे थांब, नंतर. तो नंतर बहुतेक वेळा यायचाच नाही. आणि गडबडीत नसले तर तिच्या हातांकडे दोन क्षण बघून मी मान हलवायचे, हो हो. तिच्याशी माझं सगळं बोलणं या ‘हो हो’त आटोपायचं.

कधी ती कागदावर लिहून द्यायची. एकदा लिहिलं, “मी दोन सुट्टी पाहिजे बहीण लग्न गाव.” मी सुट्टी दिली, पण मनात म्हटलं, शाळेत फारशी गेलेली दिसत नाही. ती बारावी पास आहे हे मला फार उशिरा कळलं. जी मराठी आपल्या कानांवर पाळण्यापासून पडते, ती तिने कधी ऐकलेलीच नव्हती. आपण इंग्रजी लिहायला जसे धडपडतो, तशी ती मराठी लिहिताना धडपडत होती. पण हे तेव्हा मला सुचलं नाही.

सातेक महिने असे गेले. मग एक दिवस दुपारी ती जागेवरून उठून माझ्यापाशी आली. तिने एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरलं आणि ओढून बाहेर काढलं. पुन्हा धरलं, पुन्हा ओढलं. मग पलीकडच्या मशीनकडे हात केला. मला वाटलं, हिचं बोट कशात तरी चिमटलं. मी तिचा हात हातात घेऊन उलटासुलटा बघितला. जखम नव्हती, सूज नव्हती. ती हात सोडवून घेऊन तेच पुन्हा करायला लागली. त्या दिवशी दोघी गैरहजर होत्या आणि माल संध्याकाळच्या गाडीने जायचा होता. मी मान हलवली, हो हो, आणि अंगठा वर केला. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली, मग जागेवर जाऊन कामाला लागली.

चार दिवसांनी माल परत आला. वायरीच्या टोकाला पितळी टर्मिनल दाबून बसवलेलं असतं. ते दाबणाऱ्या मशीनचं काहीतरी बिघडलं होतं आणि पकड ढिली बसली होती. जरा ओढलं की वायर निसटून हातात. सगळी खोकी फोडून तपासायला लागली. हा माल कोणाच्या हातून गेला, याची चौकशी निघाली तेव्हा माझ्या लाइनवर, तिच्या जागेवर बोट आलं. वायर टर्मिनलसकट ओवणारी ती, तिला ढिली लागली नाही का?

क्वालिटीच्या साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. साहेब तिच्याकडे बघून मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलत होते, जणू आवाज चढवल्याने तिला ऐकू येणार होतं. मग तिने टेबलावरची एक खराब वायर उचलली आणि टर्मिनल चिमटीत धरून वायर ओढली. वायर निसटली. तिने वायर खाली ठेवली आणि स्वतःचं बोट चिमटीत धरून तसंच ओढलं. मग माझ्याकडे बोट केलं, आणि अंगठा वर.

त्या दिवशीची तिची खूण मला आत्ता कळली. साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी मला विचारलं, “काय म्हणते ही?”

मी म्हणाले, “समजत नाही, सर.”

हे मी म्हणाले. ती माझ्या ओठांकडेच बघत होती. एवढं वाक्य तिला ओठांवरून नक्की वाचता आलं असणार, कारण आयुष्यभर तिने तेच वाक्य लोकांच्या ओठांवर बघितलं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर भाकरी थापताना मिस्टरांना सगळं सांगितलं. ते पिंपरीच्या एका कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, “मग तुला समजलं होतं की नव्हतं?”

“समजलं होतं.”

“मग उद्या जाऊन सांग की.”

“मेमो देतील.”

“देऊ दे. भिंतीवर नाही लावायचा आपल्याला.”

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं की तिने आधीच सांगितलं होतं, तेव्हा मला कळलं नाही आणि न कळता मी ठीक म्हटलं. मेमो मिळाला. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते त्यानंतर. तिच्यापाशी जाऊन माफी मागायची होती आणि माफीची खूण मला येत नव्हती. मी दोन्ही कान धरले. तिने बघितलं. हसली नाही, रागावलीही नाही. मान खाली घालून वायरी ओवत राहिली. शेजारच्या बायका मात्र हसल्या, कारण लीडरबाई भर लाइनवर कान धरून उभी होती.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिच्या टेबलावर गेले. फोनवर लिहून दाखवलं, “मला तुझी भाषा शिकव.” तिने वाचलं आणि लिहिलं, “लोक दोन दिवस शिक. मग थांब.” मी लिहिलं, “मी नाही थांबणार.” तिने भुवया उंचावल्या. मग डबा बाजूला सारून डावा पंजा माझ्यासमोर धरला आणि उजव्या हाताच्या बोटाने एकेका बोटाचं टोक दाखवत गेली. अंगठा ए, पुढचं बोट ई, मधलं आय. अशी आमची शाळा सुरू झाली.

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. वीसेक वर्षं वायरी ओवून ओवून माझ्या बोटांची पेरं जाड झालेली, सकाळी उठल्यावर मूठ नीट वळत नाही. तिची बोटं पाण्यासारखी वाहायची. माझी बोटं दरवेळी अडायची. दहा खुणा शिकले तर बसमध्ये बसेपर्यंत चार उरायच्या आणि दापोडी येईपर्यंत दोन. मी बसमध्ये मांडीवर पर्स ठेवून तिच्याआड हात हलवायचे. शेजारी बसणारी एक दिवस म्हणाली, “ताई, जप करताय का?” मी म्हटलं, “हो, तसंच समज.”

हात एकवेळ वळले असते, पण चेहरा काही केल्या वळेना. या भाषेत अर्धं बोलणं चेहऱ्यावर असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ‘जेवलीस?’ विचारायचं तर भुवया वर जायला हव्यात. त्या गेल्या नाहीत तर तो प्रश्न होतच नाही, ‘तू जेवलीस’ असं नुसतं सांगणं होतं. आणि मी तर इतकी वर्षं चेहरा घट्ट ठेवायचं शिकले होते. लाइन लीडरच्या चेहऱ्यावर काही दिसलं की बायका सुट्टी मागतात, साहेब जास्त काम सांगतात. तो घट्टपणा घरीही तसाच यायचा. एक दिवस तिने माझ्या चेहऱ्यासमोर दोन्ही हात नेले आणि दुकानाचं शटर खाली ओढल्यासारखं केलं. म्हणजे, तुझं दुकान बंद आहे.

मी घरी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून भुवया वर-खाली करायला लागले. मिस्टर चहा पिता पिता बघत होते. म्हणाले, “अगं, मी काय केलं?”

“तुम्हाला नाही, प्रश्न विचारतेय.”

“हा प्रश्न होता? मला वाटलं भांडण काढतेस.”

चुका तर किती. झालेल्या दिवसासाठी हात मागे जातो, येणाऱ्या दिवसासाठी पुढे. एकदा सहाही जणींना मोठ्या ऐटीत सांगायला गेले की उद्या सुट्टी आहे. हात मागे गेला. सहाजणी एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण मी सांगत होते की काल सुट्टी होती, आणि काल तर त्या दिवसभर राबल्या होत्या. एकीने घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, मग कालची हजेरी? माझ्या लाइनवरच्या मुलीला पोट धरून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. हसताना तिचा आवाज मोठा निघायचा. कॅन्टीनमधले लोक वळून बघायचे, तिला काय त्याचं.

तीन-चार महिन्यांत मला कामापुरतं जमायला लागलं. मशीन, ढिलं, घट्ट, खराब, मोज, पुन्हा कर. मला वाटलं, आली की भाषा. तिला तसं सांगितलं. ते ऐकून, म्हणजे बघून, ती म्हणाली की रविवारी पिंपरीला चल. तिथे एका शाळेच्या खोलीत ऐकू न येणारी माणसं जमायची. नवीन लोकांना शिकवायचे एक काका, तेही बहिरेच, कारखान्याच्या पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमधून रिटायर झालेले. मी विहारातली रविवारची वंदना आटोपून, इस्त्रीची साडी नेसून गेले.

खोलीत तीस-पस्तीस माणसं होती. बोलण्याचा एक आवाज नाही, आणि तरी इतकी गजबज की मला कुठे बघावं कळेना. हात, चेहरे, हसणं, खांद्यावर थापा. कंपनीत ती माझ्यासाठी सावकाश बोलायची, लहान मुलाला घास करून भरवावा तशी. इथे तिचे हात तिच्या वेगाने चालत होते आणि त्यातलं एक अक्षर माझ्या पदरात पडत नव्हतं. मधेच कोणीतरी काहीतरी सांगितलं आणि सगळी खोली हसली. माझ्या शेजारची म्हातारी बाई तर डोळे पुसायला लागली. मी तिच्या दंडाला हात लावून विचारलं, काय? काय झालं? तिने माझ्याकडे न बघताच तळहात पुढे केला. थांब, नंतर.

मी हसल्यासारखं तोंड केलं. सगळे हसत होते म्हणून हसले. पाच मिनिटांनी पर्स उचलली, पाणी प्यायला जाते असं दाखवून बाहेर पडले आणि सरळ स्टॉपवर जाऊन उभी राहिले. पीएमटीची बस येईपर्यंत डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. कोणी मला वाईट वागवलं नव्हतं. पण एवढ्या माणसांत आपण कोणीच नाही असं वाटणं फार वाईट असतं, आणि ते मी तासभरसुद्धा सोसू शकले नाही.

पुढच्या रविवारी गेले नाही. मिस्टरांचा गुडघा दुखतोय म्हटलं. त्याच्या पुढच्या रविवारी नात्यात साखरपुडा होता. तिसऱ्या रविवारी कारणसुद्धा शोधलं नाही. कॅन्टीनमध्येही मी डबा लवकर संपवून उठायला लागले. म्हटलं, आपलं वय झालं, कामापुरतं येतंय, पुरे. तिने मला काही विचारलं नाही. फक्त एक दिवस बघितलं तर ती आमच्या टेबलावर नव्हती, मैत्रिणींच्या टेबलावर जाऊन बसली होती. मी तिकडे बघितलं तेव्हा तिने मान हलवली, नुसती, ओळखीच्या बाईला हलवतात तशी.

त्या संध्याकाळी बस मोशीच्या पुढे अडकली होती. मी फोन काढला आणि आमचं जुनं लिहिलेलं वर सरकवत गेले. “लोक दोन दिवस शिक. मग थांब.” आणि त्याखाली माझं उत्तर. लाजेने मी फोन पालथा घातला.

रविवारी पुन्हा गेले. काकांनी मला समोरच्या बाकावर बसवलं आणि विचारलं, तीन रविवार कुठे होतीस? मी गुडघा, साखरपुडा असं काहीबाही हातांनी जुळवायला लागले. त्यांनी माझे हात धरून खाली ठेवले. मग अगदी सावकाश, मला कळेल असं सांगितलं. ते म्हणाले, मी तीस वर्षं कारखान्यात होतो. अधूनमधून गेटवर युनियनची मीटिंग व्हायची. तासतासभर उभा राहायचो. एक शब्द कळायचा नाही. शेवटी सगळ्यांनी वाजवल्या की मीही टाळ्या वाजवायचो. आपण कशासाठी टाळ्या वाजवल्या ते घरी येऊन वर्तमानपत्रात शोधायचो.

एवढं सांगून ते हसले आणि फळ्याकडे वळले. ते सगळं मला कळलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडता. हेही माझ्या थोड्या उशिराच ध्यानात आलं.

त्यानंतर मी रविवार चुकवला नाही. जमायला लागलं असं मात्र चटकन झालं नाही. पहिलं वर्षभर तर त्या खोलीत मी निम्म्याहून जास्त वेळ मूर्खासारखी बसायचे. पण ‘हो हो’ करणं सोडलं. कळलं नाही की हात वर करून सांगायचे, कळलं नाही, परत सांग. लोक वैतागायचे. तीसुद्धा वैतागायची. हवेत हात झटकायची, कपाळाला हात लावायची. पण परत सांगायची.

साधारण दीड वर्षाने तिने तपासनीस व्हायला अर्ज केला. तयार माल तपासून पास करायचं काम. आजवर ऐकू न येणाऱ्या कोणाला ते दिलेलं नव्हतं. मुलाखतीला बाहेरून दुभाषी बोलवायचं ठरलं होतं, त्या बाई ऐन वेळी आल्या नाहीत. मॅनेजर म्हणाले, “ताई, तुम्हीच बसा.” काकांनी शिकवलं होतं की दुभाष्याने स्वतःचं काही बोलायचं नाही. ती ‘मी’ म्हणाली की आपणही ‘मी’ म्हणायचं.

मशीनचे, मापांचे प्रश्न झाले. दोन ठिकाणी मी चुकले, तिने मला थांबवून दुरुस्त केलं. मग मॅनेजरनी विचारलं, “लाइनवर काम करताना लीडरकडून काही अडचण आली का?”

मी प्रश्न हातांनी तिला दिला. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि उत्तर द्यायला लागली. मी बोलत गेले, “हो, आली. पहिले सात महिने त्यांनी माझं काही ऐकलं नाही. मी सांगायचे, त्या मान हलवायच्या. एकदा मी मोठी चूक आधी दाखवली होती, तरी आळ माझ्यावर आला. साहेबांसमोर त्या म्हणाल्या, समजत नाही. त्यांना समजलं होतं.”

मॅनेजर म्हणाले, “त्या म्हणजे कोण?”

“मी, सर.”

“मी म्हणजे ही?”

“नाही सर. मी म्हणजे ही. त्या म्हणजे मी.”

मॅनेजर गोंधळून आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघायला लागले. तिला काय चाललंय ते कळलं असावं, ती गालातल्या गालात हसत होती. मग तिने आणखी एक वाक्य जोडलं आणि मी ते सांगितलं, “आता ऐकतात. जरा हळू ऐकतात, पण ऐकतात.”

तिला ते काम मिळालं. आधी तीन महिने परीक्षा म्हणून, नंतर कायमचं.

त्या दिवाळीच्या आधी तिची आई गावाहून आली होती. मला रविवारी जेवायला बोलावलं. चाकणला चाळीत दुसऱ्या मजल्यावर खोली. आईने वांग्याचं भरीत आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. बाई अंगाने बारीक, बोलायला मोकळी. मी आणि तिची लेक हातांनी बोलायला लागलो तशी ती तव्यावरची भाकरी विसरून आमच्याकडे बघत बसली. भाकरी करपली.

“तुमाला सगळं समजतं तिचं?” तिने विचारलं.

“सगळं नाही. पण बरंच.”

“मला न्हाई समजत,” ती म्हणाली. “जेव, झोप, चल, ये. एवढंच. चोवीस वर्साची झाली लेक.”

जेवणं झाली. ताटं उचलायला मी उठले तर तिने माझा पदर धरला. “ताई, एक इचारायचं व्हतं. माझं म्हणून इचारा तिला.” मी खाली बसले. ती म्हणाली, “ती सहा वर्साची व्हती. लातूरला शाळा हाय असं कळलं, तिथंच ऱ्हायचं. आमी तिला घेऊन गेलो, तिथं सोडलं आन् आलो. म्या दिवाळीला येते हे तिला कसं सांगावं तेच मला कळलं न्हाई. तोंडानं सांगितलं, पर तिला काय ऐकू येतंय? ती फाटकाला धरून रडली. आमी एसटीत बसलो. तवा तिला काय वाटलं, ते इचारा. अठरा वर्सं झाली, माझ्या मनातनं जात न्हाई.”

ती लेक आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघत होती, काय चाललंय ते विचारत होती. मी तिला सांगायला सुरुवात केली. ‘फाटक’ची खूण मला आठवेना, मी हवेतच गज काढून दाखवले. तिला चटकन कळलं. तिचा चेहरा लहान झाल्यासारखा वाटला.

मग आईकडे तोंड करून, माझ्याकडे नाही, तिने उत्तर दिलं, आणि मी ते मराठीत आईला सांगत गेले.

“मला वाटलं, मी घरात काहीतरी फोडलं म्हणून तुम्ही मला तिथं टाकलं. काय फोडलं ते मी रोज आठवायचे. मला फुटलेली एक बरणी आठवली. मला वाटलं, तीच. दिवाळीला तू आलीस तेव्हा मला वाटलं, बरणीचा राग गेला.”

आई दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. “कुठली बरणी गं बया, कुठली बरणी,” एवढंच म्हणत होती. लेक उठून तिच्याजवळ बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग मला म्हणाली, सांग तिला, शाळेत मला भाषा मिळाली. तिथं सोडलं नसतं तर मी आज आईशीही असं बोलले नसते. मी सांगितलं. आईने मान हलवली, पण तिचं रडणं लवकर थांबलं नाही. आम्ही दोघी बसून राहिलो. चहाचं आधण ठेवायचंही कोणाला सुचलं नाही.

निघताना मी आईला म्हटलं, “दरवेळी मी कुठून येणार? तुम्हीच शिका की.”

“ह्या वयात? माझे हात बघा की, निस्ती लाकडं झालीत.”

मी माझी बोटं तिच्यासमोर धरली. “ही काय लोणी आहेत का?”

ती रडता रडता हसली. मी तिचा डावा पंजा हातात घेऊन अंगठ्यापासून दाखवायला लागले, तेवढ्यात लेकीने मला बाजूला सारलं आणि आईचा हात आपल्या हातात घेतला. अक्षरांपासून नाही, भाकरीपासून सुरुवात केली. मग पाणी, मग ताई, मग गाव. आई चुकत होती आणि लेक तिची बोटं धरून पुन्हा वळवत होती. तिला घाई नव्हती. माझ्या वेळी ती इतकी सोशिक नव्हती, हे मी तिला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, तू लीडर होतीस. मी चप्पल घालून निघाले तेव्हा दोघींनी मान वर केली नाही.

आई महिनाभर राहून गावाला गेली. आता रोज संध्याकाळी मायलेकींचा व्हिडिओ कॉल असतो. सुरुवातीला आईची फार पंचाईत व्हायची. एक हात फोन धरण्यात गुंतलेला, मग बोलायला एकच उरायचा. परवा जेवणाच्या सुट्टीत लेकीने मला गावाहून कोणीतरी काढून पाठवलेला फोटो दाखवला. आईने फोन पाण्याच्या हंड्याला टेकवून ठेवलाय, समोर पाट घेऊन बसलीय आणि दोन्ही हातांनी लेकीला काहीतरी सांगतेय.